डाळ पातळ करू नका : वाणसामान आणि पोषण, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही घरात पाच जण. आम्ही दोघं, सासूबाई, तेरा आणि नऊ वर्षांची दोन मुलं. तूरडाळ १४० रुपये किलो झाल्यापासून महिन्याला तीनच किलो आणते आणि वरण पातळ करते. मुलांना प्रथिनं मिळावीत म्हणून महिन्यात किलोभर पनीर (४०० रुपये) घेते. तेल सहा लिटर लागतं (१५० रुपये लिटर), बिस्किटं-फरसाण-नूडल्सवर ९०० जातात. अंडी चालतात. कुठे काटछाट करू?
– एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : ताई, काटछाट डाळीत सोडून बाकी सगळीकडे करा. पैशाची ओढाताण सुरू झाली की घराघरांत पहिलं पाणी वरणात वाढतं, आणि नेमकी तीच बचत सगळ्यात महाग पडते. ताटात पोळी-भात पुरेसा असतो म्हणून पोट भरतं. प्रथिनं मात्र घटतात, आणि वाढत्या मुलांना नेमकी तीच कमी पडतात.

किलोचा भाव बाजूला ठेवून दहा ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात ते बघा. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तुमच्या भावाने दहा ग्रॅमना सुमारे साडेसहा रुपये. चणाडाळ ९० रुपयांनी मिळत असेल तर सव्वाचार. मटकी १२० रुपयांनी घेतली तर सव्वापाच, शेंगदाणे १४० ने घेतले तर सहाच्या आत. सोयाबीनच्या वड्यांमध्ये शंभराला ५२ ग्रॅम प्रथिनं असतात, त्या १३० रुपये किलोने अडीच रुपयांत बसतात. सात रुपयांच्या अंड्याचे दहा ग्रॅममागे अकरा रुपये होतात. तुमच्या पनीरचे होतात बावीस. पनीर चांगलंच आहे, पण वाढदिवसाला आणा.

आता महिन्याची यादी अशी करून बघा : तूरडाळ २ किलो, चणाडाळ २ (त्यातली अर्धी दळून बेसन), मटकी दीड, मसूर १, सोयावडी अर्धा, शेंगदाणे १. एकूण आठ किलो. मसूर ९० ने धरली तर ९३५ रुपये. आधी तुरीवर ४२० जात होते, म्हणजे ५१५ वाढले. पनीरचे ४०० वाचले. तेलाचं सांगायचं तर, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सुचवलं आहे. पाच जणांना महिन्याला ते चार किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास होतं. तिथे सव्वादोनशे वाचतात. फरसाण-बिस्किटं ४०० वर आणली की आणखी पाचशे. डाळी वाढवूनही सहाशेच्या वर हातात राहतात. त्यात महिन्याची तीस अंडी (२१०) आणि उरलेल्यात पालेभाजी. डाळी, शेंगदाणे आणि पनीर मिळून आधी माणशी दिवसाला साडेपाच ग्रॅम प्रथिनं मिळत होती, ती अंडी न धरताच तेरा ग्रॅमपर्यंत जातात.

रोजचं माप : मध्यम, म्हणजे दीडशे मिलीची वाटी सपाट भरली की सव्वाशे ग्रॅमच्या आसपास डाळ बसते. पाच जणांना दोन्ही वेळचं मिळून पावणेदोन वाट्या हव्यात. एका वाटीच्या डाळीचं शिजून, फोडणी देऊन चार वाट्यांपेक्षा जास्त वरण करू नका. सोयावडी एका वेळी पन्नास ग्रॅम पुरे. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, गार पाण्यात घालून पुन्हा पिळा. दुसऱ्यांदा पिळलं नाही तर वास राहतो आणि मुलं ताट सरकवतात. मग मिक्सरला भरड करून थालीपिठाच्या पिठात किंवा भरलेल्या वांग्याच्या मसाल्यात घाला.

एक गोष्ट दुकानातच बघा. तेल लिटरवर विकतात आणि किलोवरही. एक लिटर तेल ९१० ग्रॅमच भरतं, आणि काही पिशव्या त्याहूनही कमी वजनाच्या असतात. भाव पिशवीचा बघू नका, ग्रॅमचा आकडा वाचून बघा.

प्रश्न : मटकीला कधी मोड येतात, कधी आंबट वास येऊन सगळी फेकावी लागते. असं का होतं?
– वाचक, अकोला

उत्तर : पाणी अडकल्याने. मटकी आठ तास भिजवा. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर भिजतानाच आंबायला लागते. मग चाळणीत घालून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण निथळू द्या. ओली, ठिबकणारी मटकी फडक्यात घट्ट बांधली की आतल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते बुळबुळीत होतात. सुती फडकं पिळून घ्या, पुरचुंडी सैल बांधा, चाळणीतच ठेवा. अकोल्याच्या मे महिन्यात आठ-दहा तासांत मोड येतात, थंडीत चोवीस तासही लागतात.

निम्म्या दाण्यांना मोडच येत नसतील तर माल जुना किंवा फुटका आहे. दुकान बदलण्याआधी मूठभर भिजवून पाहा. भिजूनही खडा राहिलेले गणंग परातीत पसरून वेचून काढा, ते शिजतही नाहीत आणि दाताखाली येतात.

मोड आल्यावर प्रथिनं दुप्पट होतात असं बरेच जण समजतात. तसं नाही. पाव किलो मटकी भिजून, मोड येऊन अर्धा किलोच्या वर भरते, ते वाढलेलं वजन पाण्याचं. फायदा वेगळा आहे : क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह शोषायला अडथळा करणारं फायटेट कमी होतं. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना मोड कच्चे देऊ नका, वाफवूनच द्या. दमट उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात.

प्रश्न : रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात आणि पाण्यावर तरंगतात. प्लॅस्टिकचे आहेत म्हणून शेजारी वेचून टाकतात. खरं काय? आणि आमचं कार्ड लातूरचं आहे, मग पुण्यात धान्य मिळेल का?
– बांधकाम मजूर कुटुंब, पुणे

उत्तर : ते दाणे टाकू नका, त्या तांदळातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रात पुन्हा दाण्याचा आकार दिलेला असतो, आणि साधारण शंभर दाण्यांत असा एक मिसळतात. घडण वेगळी असल्याने तो जरा पिवळट दिसतो आणि तरंगतो. तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवा आणि बेताच्या पाण्यात शिजवा. पेज काढून ओतून दिली तर ही जीवनसत्त्वं तिच्याबरोबर जातात. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

पुण्यात धान्य मिळेल. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे आधार जोडलेलं असेल तर कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. थोडं पुण्यात आणि उरलेलं गावाकडच्या माणसांनी लातूरला, असंही चालतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. दुकानदार पैसे मागत असेल तर पावती मागा.

प्रश्न : तूरडाळ सहा-सात शिट्ट्या करूनही दाण्याची राहते. गॅस फार जातो. सोडा घालू का?
– गृहिणी, संगमनेर

उत्तर : सोडा नको, त्याने डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. आधी बघा, चिंच, आमसूल किंवा टोमॅटो कुकरमध्ये डाळीसोबतच जातोय का? आंबटाने डाळीच्या पेशी घट्ट राहतात, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. दुसरं कारण बोअरचं जड पाणी. ते उकळून, गार करून, वरचं निवळ पाणी डाळीपुरतं वापरा. तिसरं, डाळ जुनी असणं. यावर अर्धा-पाऊण तास भिजवणं हाच उपाय.

गॅसचं म्हणाल तर शिट्ट्या मोजणं सोडा. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि दहा-बारा मिनिटं ठेवा. कुकरच्या आत तापमान तेवढंच राहतं, शिट्टीतून निघून जाते ती वाफ म्हणजे जळालेला गॅस. कडेने वाफ सुटत असेल तर रिंग बदला.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला दुधात घालायची डब्यातली पावडर परवडत नाही. घरी काय देता येईल?
– पालक, रत्नागिरी

उत्तर : नाचणी, आणि तीही मोड आणून. किलोभर नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन बारा तास भिजवा, निथळून फडक्यात दीड दिवस ठेवा, मग दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मंद आचेवर खमंग वास येईपर्यंतच भाजा, जास्त भाजली की कडवट लागते. दळून डब्यात भरा. कोकणात पावसाळ्यात हा घाट घालू नका, वाळायच्या आत बुरशी धरते. मे महिन्यातच करून ठेवा.

नाचणी वाटून, फडक्यातून गाळून नुसतं पांढरं सत्त्व घेण्याची पद्धत एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी ठीक. सात वर्षांच्या मुलाला चोथ्यासकट द्या, कॅल्शियम आणि तंतू बरेचसे कोंड्यातच असतात. तीस ग्रॅम पिठात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, वर कपभर दूध घातलं की आणखी दोनशेच्या वर. पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. सहा-सात मिनिटं शिजवून खाली उतरवा आणि थोडं निवल्यावर दूध-गूळ घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं.

प्रश्न : वर्षाचं धान्य एकदम भरणं स्वस्त पडतं का?
– वाचक, बार्शी

उत्तर : गहू आणि ज्वारी, हो, जागा कोरडी असेल आणि त्यासाठी उधार काढावं लागत नसेल तर. व्याज भरून घेतलेल्या धान्यात बचत उरत नाही. तूरडाळ नवा माल आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, चार-सहा महिन्यांची घ्या. ऊन दिल्यावर धान्य पूर्ण निवू द्या आणि मगच कोठीत भरा. गरम भरलं की आत घाम धरतो आणि पोरकिडे होतात. डाळीला किलोमागे एक चमचा एरंडेल चोळा, धान्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. बोरिक पावडर वापरू नका, ती पोटात जाते.

पीठ मात्र साठवू नका. बाजरीत तेल जास्त असल्याने तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना तुटते. तसं पीठ हाताशी उरलंच असेल तर उकळत्या पाण्याची उकड काढून मळा, भाकरी जमेल.