लडाखच्या नकाशात सगळं तपकिरीच दिसतं. गावं आणि शेती ओळखायची कशी?

तुम्ही विचारलंय, की सिंधूसारखी नदी असूनही तिच्या काठाला सलग हिरवा पट्टा का नाही आणि या तपकिरी रंगात माणसं शोधायची कुठे.

सह्याद्रीचे नकाशे वाचणारा आधी मोठी नदी शोधतो. लडाखात आधी ओढे शोधा. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. त्यावर पीक येत नाही. शे-ठिकसेसारखा रुंद सखल भाग सोडला तर सिंधू बहुतेक शेतांच्या खालून वाहते, तिचं पाणी वर चढत नाही. शेतीला पाणी मिळतं ते वितळणाऱ्या बर्फाचं, बाजूच्या ओढ्यांतून.

नकाशात लेहजवळचं फ्यांग किंवा स्तोक गाव उघडा. दरीत समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची, टोकं डोंगराकडे असतात. ओढा बाहेर पडला की त्याच रेषा विरळ होतात आणि सिंधूकडे फुगतात. हे पंखाकृती मैदान, गाव इथेच. आता उपग्रहचित्र मोठं करा. हिरव्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी दिसेल. ती कड म्हणजे सर्वांत वरचा पाट, तिकडच्या बोलीत ‘युरा’. तो समोच्च रेषेच्या जवळून, किंचित उतार धरून जातो. त्याच्या खाली सातू, वाटाणा, विलो आणि पॉपलर. वर लगेच कोरडी खडी. माझ्या मते साऱ्या लडाखच्या नकाशात याहून महत्त्वाची रेघ नाही. फक्त चित्र जुलैचं घ्या, मेच्या सुरुवातीला शेतंही तपकिरीच असतात.

याच मैदानावर फाटे फुटलेले फिकट पट्टे दिसतात, त्या ओढ्याच्या जुन्या वाटा. ती जागा मोकळी दिसली तरी बांधकामाची नव्हे. ऑगस्ट २०१०च्या ढगफुटीत लेहजवळच्या चोगलमसरमध्ये चिखल-दगडांच्या लोंढ्याने माणसं आणि घरं नेली.

पूर्वेला चांगथांगच्या पठारावर पाटाची खूण उपयोगी पडत नाही. त्सो कार या तळ्याच्या परिसरात, सुमारे ४,५०० मीटरवर, शेतं दिसत नाहीत म्हणून ती जमीन पडीक समजू नका. चांगपा लोक पश्मिना शेळ्या आणि याक घेऊन ऋतूप्रमाणे कुरणं बदलतात. तिथे जनावरं कोंडायच्या दगडी वाडग्यांचे बारीक चौकोन आणि झऱ्यांकाठची ओली हिरवळ शोधा. तळ्याभोवतीच्या एकात एक कड्या म्हणजे त्याचे जुने काठ, पांढरं दिसतं ते मीठ. दक्षिणेचं छोटं स्तार्तसापुक त्सो मात्र गोड्या पाण्याचं आहे आणि त्याचं पाणी त्सो कारमध्ये उतरतं. दोन्ही तळ्यांचे काठ शेजारी ठेवून पाहिलेत तर फरक लगेच कळेल.