नीव्ह, सर्शा की कीव्हा? लेकीच्या आयरिश नावाबद्दल

डिसेंबरात आयर्लंडला, कॉर्कला येताय आणि एप्रिलमध्ये बाळ येतंय, हे वाचून फार आनंद झाला. मुलगी झाली तर पहिलं नाव आयरिश आणि मधलं घरातलं, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. त्यासाठी तू तीन जोड्या पाठवल्यास: सर्शा अनघा, कीव्हा राधा आणि नीव्ह इंदुमती. शिवाय मधलं नाव आपल्या रीतीप्रमाणे वडिलांचंच लावावं का, हेही विचारलंस. माझी दोन्ही मुलं इथेच जन्मली, त्यामुळे या सगळ्यातून मी गेले आहे.

आधी कीव्हा, कारण ते मी तुला ठेवू देणार नाही. अर्थ सुंदर आहे, सौम्य, लाघवी. पण तुझ्या सासूबाई अंगणातून नातीला हाक मारतील तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानावर ‘कीव’च पडणार. उत्तरेकडे, बेलफास्टच्या बाजूला, त्याचा उच्चार क्वीव्हा करतात, पण तुम्ही राहणार दक्षिणेत. आणि स्पेलिंग सी-ए-ओ-आय-एम-एच-ई. भारतातल्या कुठल्याही कार्यालयात ते ‘काओइम्हे’ असंच वाचलं जाईल.

स्पेलिंगची मेख एकदा समजून घे, पुढे जन्मभर कामाला येईल. आयरिशमध्ये ‘बी-एच’ म्हणजे आपला भ नव्हे. ‘बी-एच’ आणि ‘एम-एच’ दोन्हींचा उच्चार बहुधा व किंवा व्ह होतो. जुन्या लिपीत अशा अक्षराच्या डोक्यावर टिंब देत, नंतर टिंबाऐवजी ‘एच’ लिहू लागले. तसंच स्वरावरची तिरकी रेघ, तिला ‘फाडा’ म्हणतात, म्हणजेच दीर्घ. आपल्या ‘दिन’ आणि ‘दीन’मध्ये जो फरक, तोच इथे. फॅर म्हणजे पुरुष, आणि रेघ दिली की फेर, म्हणजे गवत! रोशीनसारख्या नावात ही रेघ लागते, पण पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळीत ती येत नाही. नीव्हला रेघच नाही, हा मोठा फायदा.

सर्शा म्हणजे स्वातंत्र्य. या नावावर माझं मनापासून प्रेम आहे. हे काही प्राचीन कथांतलं नाव नाही. विसाव्या शतकात, देश स्वतंत्र होण्याच्या काळात, शब्दाचं नाव झालं. पण इथेच कोणी सर्शा म्हणतं, कोणी सीर्शा. तुम्हाला एक उच्चार ठरवून तो सतत सांगावा लागेल. त्यापुढे अनघा आलं की वेगळीच अडचण. आयरिश डोळा शेवटचा ‘जी-एच’ गिळतो. क्लोडा या मुलीच्या नावात तो आहे, आर्मा या गावाच्या नावातही आहे, आणि दोन्हीकडे तो मुका. म्हणून अनघाची ‘अना’ होईल. मधलं नाव रोज हाकेत येत नाही, तरी घ गेला की नावातला प्राणच गेला असं मला वाटतं.

आता नीव्ह. अर्थ तेज, झळाळी. पुढे इंदुमती आलं की तेज आणि चंद्र शेजारी बसतात, एका दमात उच्चारायच्या छोट्या नावाला चार अक्षरांचा आधार मिळतो. इंदुमती तुझ्या आजेसासूबाईंचं नाव, हे तर इथल्या लोकांना लगेच उमगेल. जुन्या आयरिश रीतीत पहिल्या मुलीला आईच्या आईचं आणि दुसरीला वडिलांच्या आईचं नाव देत. मधल्या जागी आजीचं नाव आजही सर्रास दिसतं.

पण एक चौथी जोडी सुचवू? नीव्ह रेवती. सोनेरी केसांची नीव्ह ही तीर ना नोग, म्हणजे चिरतारुण्याच्या देशाची राजकन्या. ती ओशीन या वीर कवीला घोड्यावर बसवून समुद्रापार नेते. त्याला वाटतं तीन वर्षं झाली. परत येतो तर तीनशे वर्षं उलटलेली, ओळखीचं कोणी उरलेलं नाही, आणि जमिनीला पाय लागताच तो जख्ख म्हातारा होतो. आपल्याकडे ककुद्मी राजा आपल्या मुलीला, रेवतीला, घेऊन तिच्यासाठी योग्य वर कोण हे विचारायला ब्रह्मलोकी जातो, घटकाभर गाणं ऐकत थांबतो, आणि खाली पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं सरलेली असतात. दर दोन-तीन वर्षांनी गावी गेले की मला या दोन्ही गोष्टी आठवतात. परदेशी जन्मणाऱ्या मुलीच्या नावात त्या शेजारी असाव्यात, असं मला फार वाटतं. अर्थात आजेसासूबाईंचा मान मोठा. तो राखायचा असेल तर इंदुमतीच ठेव.

वडिलांच्या नावाबद्दल. इथल्या जन्मदाखल्यावर आपल्यासारखी मधल्या नावाची वेगळी जागा नसते. बाळाचं नाव आणि आडनाव, एवढंच, आणि आई-वडिलांची नावं स्वतंत्र रकान्यात. म्हणजे तिथे तुझ्या यजमानांचं नाव लिहिलंस तर ते मुलीचंच दुसरं नाव ठरतं. आम्ही थोरलीच्या वेळी तेच केलं आणि एका दवाखान्यात तिला कितीतरी दिवस वडिलांच्याच नावाने पुकारत होते. पाच वर्षांची पोर, रडवेली व्हायची. लाज वाटण्यासारखं मात्र त्यात काही नाही. 1916च्या, ब्रिटिशांविरुद्धच्या आयरिश उठावाच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एका क्रांतिकारकाचं नाव जोसेफ मेरी प्लंकेट होतं, पुरुष असून मधलं नाव मेरी! तरी वडील दाखल्यावर आहेतच. मधली जागा इंदुमतीला किंवा रेवतीला दे.

जन्मनोंद तीन महिन्यांच्या आत करायची. 1 जानेवारी 2005 पासून इथे जन्मलं म्हणून आपोआप नागरिकत्व मिळत नाही. त्यासाठी आई किंवा वडिलांचा आधीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षं इथे वैध रहिवास लागतो. तुमचा तो नसणार, म्हणून वर्षाच्या आत डब्लिनच्या भारतीय दूतावासात नोंद करा आणि भारतीय पासपोर्ट काढा. त्यावर दाखल्यातलंच नाव येईल, तेव्हा दाखल्यातलं एकेक अक्षर तपासून घ्या. मराठीत मात्र कुठेही लिहिताना बिनधास्त ‘नीव्ह’ लिही, आपल्या लिपीला ते नाव सहज पेलतं.

आणि बारशाला आत्याला तिकडून येणं जमणार नसेल तर मला कळव. कॉर्कमध्येच आहे मी. कुर्रर्र करायला येईन, पाळणाही म्हणेन.