टाकी भरली तरी मासे आणायची घाई नको

अरे, समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी भरली की लगेच क्लाउनफिश आणायला धावू नकोस. चार ते सहा आठवडे नुसते दगड आणि पाणी चालू दे. पाण्यातले अमोनिया, नायट्राइट हे माशांना विषारी घटक शून्यावर आले की मगच पहिला मासा. नळाचं पाणी अजिबात नको, आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलंच घे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या वरून पाणी घालताना. उन्हाळ्यात पातळी भराभर उतरते, काचेच्या कडेला मिठाची पांढरी खपली धरते. उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच. मी सुरुवातीला खारं ओतत राहिलो आणि झोआंथस या प्रवाळासारख्या जीवांची मिटलेली तोंडं पुन्हा उघडलीच नाहीत. अजून वाईट वाटतं.

खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर पहिल्याच दिवशी घे, विशिष्ट गुरुत्वाचा आकडा १.०२५ च्या आसपास ठेव. आणि मालवणच्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणायचा विचारही करू नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.