नान्नजच्या रस्त्यावरची काळविटाची पाटी

प्रश्न: भारतात क्वचितच दिसणारे, वेगळे असे धोक्याचे फलक कोणते? आणि जागेप्रमाणे त्यातलं चित्र बदललं तर चालतं का?

चालतं की नाही यावरून माझ्या घरात तीस वर्षं वाद चालू आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मी सोलापूरचा पेंटर. पूर्व भागात आमचं दुकान होतं, माझं आणि थोरल्या भावाचं. त्याला सगळी गल्ली अण्णा म्हणते, मीही. रेडियम कटिंग येण्याआधी दुकानांच्या पाट्या, टेंपोवरची नावं, भिंतीवरच्या जाहिराती सगळं ब्रशने व्हायचं. एखाद्या कंत्राटदाराकडून काम आलं तर रस्त्याचे त्रिकोणही आम्हीच रंगवायचो.

दुर्मीळ फलकांचं आधी उरकतो. वाफेचं इंजिन असलेला त्रिकोण म्हणजे पुढे बिनफाटकाचं रेल्वे क्रॉसिंग. खाली दोन लाल पट्ट्या असल्या तर ते २०० मीटरवर, एक असली तर ५० ते १०० मीटरवर. ब्रॉडगेजवरची अशी सगळी क्रॉसिंग जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, त्यामुळे हे चित्र आता जुन्या खांबांवर राहिलं असेल तेवढंच. आमच्या जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे होती, १८९७ सालची अडीच फुटी लाइन. तेव्हा तिच्या आसपासच्या रस्त्यांवर हे इंजिन नेहमीचं होतं. दुसरा फलक होडीचा, पुढे नावेने पलीकडे जायचं आहे हे सांगणारा. तिसरा पाण्यात पडणाऱ्या मोटारीचा, रस्ता थेट पाण्याच्या काठाला भिडतो तिथला. तो मी आयुष्यात एकदाच रंगवला, एका तलावाच्या बांधासाठी, आणि त्या लाटा मनासारख्या जमेपर्यंत तीनदा पुसल्या.

पण मला विचाराल तर सगळ्यात दुर्मीळ फलक मी स्वतः केला, आणि तो सरकारी खांबावर एक दिवससुद्धा लागला नाही.

जानेवारी १९९३. बार्शीत एका दुकानाची पाटी पूर्ण करून रात्री एम-८० वर परत निघालो होतो. वैराग गेलं, वडाळा गेलं, नान्नजच्या अलीकडे दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. १९७९ पासून हा माळढोकाच्या अभयारण्याचा भाग. माळढोक तेव्हाही नशिबानेच दिसायचा, हरणं मात्र कळपाने. दिव्याच्या उजेडात डावीकडून एक नर आला. काळी पाठ, पांढरं पोट, पिळाची शिंगं. एका उडीत रस्त्याच्या मध्यावर, दुसरीत पलीकडे. मी ब्रेक दाबला होता. तो गेला. गेला म्हणून मी मूठ पिळली. आणि मागून आलेली हरणी माझ्या पुढच्या चाकावर आदळली.

उजव्या बाजूची हासळी मोडली. हरणी तीन पायांवर उठून ज्वारीत शिरली, पुढे तिचं काय झालं कळलं नाही. एका दुधाच्या टेंपोवाल्याने मला उचलून सोलापूरला आणलं. दोन महिने ब्रश धरता आला नाही. धरला तेव्हा हात खांद्याच्या वर नेला की रेघ थरथरायची. मोठी होर्डिंगं त्यानंतर मी कधीच केली नाहीत, ती अण्णाकडे गेली. टेबलावर आडवं ठेवून होतं तेवढं काम माझ्याकडे आलं, आणि त्यातच रस्त्याचे त्रिकोण आले.

१९९५ मध्ये एका कंत्राटदाराने नेमक्या त्याच रस्त्याचं काम आणलं. वळणाच्या, अरुंद पुलाच्या, गुरांच्या पाट्या आणि दोन वन्य प्राण्यांच्या. ९०० मिलिमीटर बाजूचे त्रिकोण, आमच्या भाषेत तीन फुटी. सोबत स्टेन्सिल दिलं होतं. त्यात उडी मारणारं हरीण, डोक्यावर फांद्याफांद्यांची शिंगं. असलं जनावर त्या माळावर नाही. ती सांबराची नाही तर चितळाची शिंगं, जंगलातली. काळविटाच्या शिंगाला फाटा नसतो. बार्शीचा ड्रायव्हर ते चित्र बघून काय समजणार? घाटातली पाटी चुकून इकडे लागली, एवढंच.

मी स्टेन्सिल बाजूला ठेवलं आणि हाताने काढलं. पुढे नर, मागे हरणी. शिंगाचे सगळे पीळ काढले तर लांबून चिखल दिसतो, म्हणून तीनच वळणं ठेवली, जाड. हरणीला शिंगं नाहीत, तिची मान वर उचललेली आणि पाय जमिनीवरून नुकते सुटलेले. जीव ओतला तो तिच्यावर, कारण मारते ती मागची. पुढचं जनावर सगळ्यांना दिसतं आणि सगळे ब्रेक लावतात. ते गेल्यावर माणूस निर्धास्त होतो. एका चित्रात हे सांगता येत असेल तर दोन जनावरं काढलीच पाहिजेत, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

खात्याचे साहेब पाट्या बघायला आले. चित्र छान आहे म्हणाले. मग म्हणाले, कोडमध्ये हे कुठे आहे दाखवा. कोड म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचा, आयआरसी ६७. माझ्याकडे तो कुठून असणार? मी माझी हासळी दाखवली. कंत्राटदाराने डोक्याला हात लावला. दोन्ही पाट्यांवर पांढरा मारून स्टेन्सिलचं हरीण चढवायला लावलं आणि माझी मजुरी कापली.

मला साहेबांपेक्षा अण्णा लागला. दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "तू चित्रांचं प्रदर्शन भरवायलास का बे? पाटी कोण बघतंय? लाल त्रिकोण दिसला की माणूस सावध होतो, तेवढं बास. आत हरीण असो नाहीतर हत्ती."

त्या वाक्यावर आमची दुकानदारी दोन वर्षांत वेगळी झाली. कारणं आणखीही होती, पण सुरुवात तिथली.

नमुन्याची एक पाटी मी जुन्या पत्र्यावर केली होती. ती मी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर, रस्त्याकडे तोंड करून, कडुलिंबाला ठोकली. पाच-सहा वर्षं होती तिथे. पुढे रस्ता रुंद होताना झाड गेलं. शेतकऱ्याने पाटी जपून ठेवली आणि मला परत आणून दिली. आज ती माझ्या घरी आहे. नराचा रंग उडालाय, हरणी शाबूत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि अण्णाचाही. रस्त्यांच्या खुणांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, १९६८ चा व्हिएन्ना करार. भारत त्यात १९८० साली सामील झाला. मुलीने मोबाईलवर तो काढून दिला आणि शब्दांचा अर्थ सांगितला, म्हणून मला कळलं. त्यात प्राण्यांच्या फलकाबद्दल म्हटलंय की चित्र त्या भागात सर्वात जास्त आढळणाऱ्या पाळीव किंवा रानटी प्राण्याच्या छायाकृतीचं असावं, आणि करारातलं हरीण हे त्याचं एक उदाहरण. म्हणजे नान्नजला काळवीट काढणं हीच मूळ कल्पना होती. मी ते वाचलं तेव्हा पाच मिनिटं काही बोललो नाही.

बाहेर देशांत हे सर्रास चालतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर त्रिकोणात पांढरं अस्वल आहे, आणि खाली लिहिलंय की हा इशारा सगळ्या स्वालबार्डला लागू आहे. ऑस्ट्रेलियात नलरबोरच्या माळावर एकाच जागी उंट, वॉम्बॅट आणि कांगारू यांचे पिवळे फलक आहेत. इंग्लंडात १९६५ पासून जे फलक लागले त्यातली चित्रं मार्गारेट कॅल्व्हर्ट या बाईंनी काढली. त्यातली गाय त्यांच्या नातेवाइकांच्या शेतावरची खरी गाय होती, पेशन्स नावाची. जनावर बघून काढलेलं चित्र आणि कागदावरून उतरवलेलं चित्र यात फरक पडतो. ज्याने ब्रश धरलाय त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

तरी तुम्ही स्वतः उठून पाटी लावू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११६ प्रमाणे रस्त्यावरचा फलक सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणाच लावू शकते. आकार आणि रंग कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे हवेत, आणि सरकारी फलकासारखी दिसून फसवणारी पाटी पोलीस काढून टाकू शकतात. माझी कडुलिंबावरची पाटी याच कलमात बसत होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, माहीत असतं तरी लावली असती. मागायचंच असेल तर गावकऱ्यांच्या सह्यांनिशी, अपघाताच्या जागा आणि तारखा लिहून, रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याकडे आणि वनविभागाकडे अर्ज द्या. नुसतं चित्र पाठवू नका, चित्राला ते छान म्हणतात आणि ठेवून देतात.

अण्णाच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो, कारण ती खरी आहे. सोलापुरावरून हैदराबादची, विजयपूरची, पुण्याची गाडी जाते. तेलंगणातल्या ड्रायव्हरला काळवीट ओळखू येईलच असं नाही, लाल त्रिकोण मात्र सगळीकडे सारखा. काठ, रंग, माप याला मी कधीच हात लावला नव्हता. माझं भांडण फक्त पोटातल्या चित्राचं होतं. आणि रात्री अंधारात माझ्या एनॅमलपेक्षा आजचं रेडियम कितीतरी लांबून दिसतं, हेही मान्य. ज्या धंद्याने माझं काम खाल्लं त्याच्याबद्दल लिहितोय, तरी मान्य.

बार्शी रस्त्याने संध्याकाळनंतर जाणार असाल तर वडाळा ते नान्नज सावकाश जा. एक हरीण आडवं गेलं की गाडी तशीच हळू ठेवा, दिवा खाली करा, दुसरं येऊन जाऊ द्या, तिसरंही. जनावर जखमी झालं तर उचलून गाडीत घालू नका, वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळवा.

अण्णा आता एकाहत्तर वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला करारातलं ते वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढला, परत वाचायला लावलं. मग म्हणाला, "हे तवाच दाखवलं असतंस तर मी साहेबांशी भांडलो असतो की."

तेव्हा आमच्या दोघांपैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. पाटी आत भिंतीला टेकवून ठेवली होती, ती त्याने बाहेर उजेडात आणायला सांगितली. बराच वेळ बघत होता. नराचा काळा रंग नव्याने भरूया म्हणाला. मी म्हटलं, हरणीला हात लावायचा नाही. येत्या रविवारी तो ब्रश घेऊन येणार आहे.