बेळगावात राहून मराठी चित्रपट करायचा आहे, परदेशी निधी मिळेल का?

मिळू शकतो. गोष्ट खानापूरची, भाषा मराठी, राज्य कर्नाटक, मग आपल्याला आपलं म्हणणार कोण, ही तुमची धास्ती मी ओळखतो. मीही तिच्यात दोन वर्षं काढली. पण सहनिर्मितीचे, म्हणजे दोन देशांच्या निर्मात्यांनी मिळून चित्रपट करायचे, करार देशादेशांत होतात, तिथं सीमाप्रश्न येत नाही. फ्रान्स, इटली, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा अशा बऱ्याच देशांशी भारताचे करार आहेत. कराराखाली मान्यता मिळाली की चित्रपट दोन्ही देशांचा स्वतःचा धरतात आणि तिकडच्या सरकारी निधीसाठीही अर्ज करता येतो. मात्र तिकडचा निर्माता नावापुरता चालत नाही. ब्रिटनच्या करारात प्रत्येक बाजूचा वाटा निदान 20 टक्के लागतो.

फ्रान्सची पद्धत मला फार आवडते. तिथं सिनेमाच्या तिकिटावर 10.72 टक्के कर असतो. तो सीएनसी या सरकारी संस्थेकडं जातो आणि त्यातून नवे चित्रपट उभे राहतात, परदेशी दिग्दर्शकांचेसुद्धा.

मराठीची अडचण होत नाही. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणारा 'साबर बोंडं' मराठीच, आणि भारत, ब्रिटन, कॅनडा यांची सहनिर्मिती.

महाराष्ट्राचं अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर, समितीनं दर्जा ठरवल्यावर मिळतं, त्याच्या भरवशावर शूटिंग सुरू करू नका. सुरुवात पटकथेपासून करा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड या टप्प्याला 10,000 युरो देतो. आणि नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत गोव्याला फिल्म बाजार भरतो, तिथं देशोदेशीचे निर्माते भेटतात, तो चुकवू नका. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळानं 2007 साली सुरू केलेला हा बाजार आपल्याला मुंबईकरांपेक्षा जवळ आहे. बेळगावातून चोर्ला घाटानं सकाळी निघालात तर जेवायला पणजीत.

जाताना कथेच्या हक्कांचा कागद घेऊन जा. आमचं घोडं तिथंच अडलं. कथा ओळखीच्या एका मास्तरांची, निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांवरची. "घे की, त्यात विचारायचं काय," एवढ्यावर आमचा व्यवहार. समोर बसलेल्या परदेशी निर्मातीनं पटकथा उघडायच्या आधी तोच कागद मागितला आणि माझ्याकडं तो नव्हता. परत येऊन मास्तरांना घेऊन कोर्टासमोरच्या टायपिस्टकडं गेलो. स्टॅम्प पेपरवर त्यांनी तीन ठिकाणी सह्या केल्या, तिसरी करताना मान वर करून म्हणाले, "आता तरी बघंल का ती बाई?" ते वर्ष हातचं गेलं होतं. कागदाबरोबर खर्चाचं अंदाजपत्रक आणि कुठला पैसा कुठून येणार याचा तक्ताही लागतो. थोडा पैसा इथला, स्वतःचा जमवलेला दाखवता आला तर बोलणं पुढं सरकतं.

एक विनंती. परदेशी लोक वाचणार म्हणून संवाद पुणेरी करू नका. आपल्याकडं मराठीत सुरू झालेलं बोलणं कानडी 'हौद री'वर (हो जी) संपतं, ते तसंच लिहा. सबटायटल दोन्हीला लागणारच आहेत.