सायकलवर परदेशी निघालास? आधी दात दाखव

भाऊ, युरोपात सायकल फिरवायची तर पॅनिअर (सायकलला अडकवायच्या बॅगा) घेण्याआधी दातांचं बघ. निघायच्या दीड-दोन महिने आधी इथंच, जळगाव-धुळ्यात, एक्स-रे काढ. रूट कॅनल झालेला पण कॅप राहिलेला दात सगळ्यात दगाबाज. कडक काही चावलं की उभा चिरतो, मग बहुतेक वेळा काढावाच लागतो.

कॅप निघाली तर आतून साफ कर, आधी कोरडीच बसवून चावून बघ, मग मेडिकलमधलं तात्पुरतं डेंटल सिमेंट लाव. फेविक्विक अजिबात नको. सैल वाटली तर झोपताना काढून ठेव, श्वासनलिकेत जाऊ शकते.

पडून दात मुळासकट निघाला तर वरच्या भागाला धर, मुळाला बोट लावू नको. माती लागली असेल तर दुधानं हलकेच धू, घासू नको. लगेच खाचेत बसव, रुमाल चावून दाबून ठेव. जमलं नाही तर दुधात ठेवून तासाभराच्या आत डेंटिस्ट गाठ. (दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.)

दात दुखला तर लवंगेचं तेल कापसावर, फक्त किडलेल्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर भाजतं. गालाला सूज येऊन ताप आला, गिळताना त्रास झाला, तर सायकल बाजूला ठेव आणि ११२ (तिकडचा आपत्कालीन नंबर) लाव.

प्रवास विम्यात दातांसाठी बहुधा वेगळी, छोटी मर्यादा असते, तीही अचानक उठलेल्या दुखण्यापुरती. इलाजाआधी विमा कंपनीला कळव. पावतीवर कोणता दात, काय केलं, हे लिहून घे.