सतरा नंबरचा फॉर्म कोणत्या नावानं भरू?

प्रश्न : मॅडम, माझं वय ३३. दहावी पास झाले आणि पुढे लग्न झालं. सासर पाचोरा तालुक्यात, कोरडवाहू कपाशी. मुलगी आता नववीला आहे. मला बाहेरून बारावी देऊन बी. ए. करायचंय. दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं. बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म कोणत्या नावानं भरू? शिवाय घरात अहिराणीच बोलतो. मराठी लिहिणं जमेल का? इंग्रजीचं तर नावच काढू नका!

उत्तर : ताई, दहावीच्या मार्कशीटवर जे नाव छापलंय तेच टाका, अक्षर न अक्षर. आईच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा तेच. सासरचं नाव घातलंत तर दहावी एकीची आणि बारावी दुसरीची, असा घोळ बी. ए.च्या प्रवेशाला खिडकीवर निघतो. आधारसाठी लग्नाचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. गॅझेट करून नाव बदलायचं ते सगळं झाल्यावर.

फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, पण त्यात जे कनिष्ठ महाविद्यालय निवडाल तिथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करावा लागतो. त्याच्या चार झेरॉक्स आधी काढा. दाखला हरवला असेल तर शाळेतून द्वितीय प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. अर्ज साधारण निंदणीच्या दिवसांत सुटतात. मुदत गेली की विलंब शुल्क बसतं. कला शाखा घ्या, आणि विषय तेच, ज्यांचे शिक्षक त्या कॉलेजात आहेत. अडलं तर विचारायला माणूस हवा.

अहिराणीचं काय घेऊन बसलात! बी. ए. जळगावच्या विद्यापीठातून केलीत तर पदवीवर खानदेशच्या बोलीत कविता रचणाऱ्या बहिणाबाईंचंच नाव येईल. रोज कॉलेजला जाणं जमणार नसेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच.

इंग्रजीत लेखी ८०, तोंडी २०, पास व्हायला ३५. उतारा पेपरातच छापलेला असतो आणि बरीचशी उत्तरं त्यातच सापडतात, म्हणून रोज एक उतारा सोडवा. मुलीलाच मास्तरीण करा. तिचाही अभ्यास होईल. तोंडी परीक्षेला मात्र बाहेरून बसणारे हमखास दांडी मारतात. ती लेखीच्या आधी होते. कॉलेजकडून तारीख विचारून घ्या, आणि रानात फरदडीचा कापूस फुटलेला असला तरी त्या दिवशी वेचायला मजूर लावा.